लोणारच्या काठाने : लेकराबाळांसह एक पायी सहल

आपल्या घरांतून प्रवास काही कमी होत नाही. ऑक्टोबरात नागपूरची दीक्षाभूमी, सहा डिसेंबरला दादरची चैत्यभूमी, एक जानेवारीला भीमा कोरेगाव, शिवाय नात्यातली लग्ने, मयती आणि मोठ्या गावचा दवाखाना. बोचकी बांधणे, रात्रीची गाडी पकडणे, दाराशी वर्तमानपत्र अंथरून लेकरू मांडीवर निजवणे, हे सारे आपल्याला पाठ आहे. पण नुसते पाहण्यासाठी, चालण्यासाठी, मुलांबरोबर उघड्यावर एक दिवस काढण्यासाठी म्हणून घराबाहेर पडायचे, हे मात्र अजूनही आपल्याकडे चैनीत जमा धरले जाते. सहल म्हणजे साहेबलोकांचे काम, त्याला मोटारगाडी लागते, हॉटेल लागते, असा समज आहे. आमचा पेशा कारकुनाचा आणि शिक्षण बी.कॉम.चे, त्यामुळे कोणताही समज जमाखर्चात मांडून पाहिल्याखेरीज आम्हाला राहवत नाही. तो मांडला, आणि यंदाच्या फेब्रुवारीत वस्तीतली पाच घरे मिळून आम्ही एकोणीस माणसे जालन्याहून लोणारच्या सरोवराला जाऊन आलो.

एकोणीस म्हणजे दहा मोठे, सात मुले आणि दोन आजी. मोठ्यांत एक सळईच्या कारखान्यात भट्टीवर काम करणारे, एक गवंडी, एक सफाई खात्यातले, एक अंगणवाडीची मदतनीस ताई आणि बाकी आमच्यासारखेच. प्रवास एस.टी.चा. राज्यात २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे आहे, पासष्ट ते पंचाहत्तरच्या मंडळींनाही अर्धे, आणि २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना काहीच नाही. थोरल्या आजी शहात्तर वर्षांच्या. त्यांनी आधार कार्ड पदराच्या गाठीतून सोडून वाहकापुढे धरले तेव्हा साऱ्या गाडीने पाहिले. एकोणीस माणसांत पूर्ण तिकिटे निघाली फक्त पाच. जेवण घरून, पाणी घरून. बाकी खर्च चहाचा.

लोणार हा बुलढाणा जिल्ह्यातला तालुका. जालन्याहून मेहकरच्या रस्त्याला लागले की वाटेत सिंदखेडराजा येते, मग पुढे सुलतानपूर, आणि तिथून डावे-उजवे न करता लोणारचा फाटा विचारावा. फाट्यापासून गाव बाराएक किलोमीटर. दुसरा रस्ता मंठ्यावरून आहे. कोणत्याही वाटेने गेले तरी अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास पडते. मुंबईच्या मंडळींनी रेल्वेने जालन्यापर्यंत यावे आणि पुढे एस.टी. धरावी. विदर्भातल्यांना मेहकर सोयीचे, तिथून लोणार पंचवीसेक किलोमीटर आहे. जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात त्या खोलगट जागेत वारा फिरत नाही, दगड तापतात, आणि पावसात उताराच्या वाटा निसरड्या होतात. लहान मुले व म्हातारी माणसे बरोबर असतील तर हे दोन्ही हंगाम टाळावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सरोवर म्हटल्यावर मुलांच्या डोळ्यांपुढे गावचा तलाव असतो. बंधारा, बंधाऱ्यावर चढायचे, पलीकडे पाणी. लोणारला तसे नाही. गावातून चालत काठाशी येईपर्यंत पुढे काही आहे याचा पत्ताच लागत नाही. शेते, बाभळी, टेकाडासारखी थोडी चढण, आणि मग एकाएकी पायाखालची जमीन संपते. खाली एक मोठी गोल परात ठेवावी तसे हिरवे रान उतरत गेलेले, आणि परातीच्या तळाशी पाणी. आमच्यातली बारकी पोरे सतत बडबडणारी, तीसुद्धा काठावर दोन मिनिटे गप्प उभी राहिली. मग गवंडीभाऊ म्हणाले, "हे खोदायचं म्हटलं तर किती पिढ्या लागल्या असत्या?"

आकडे सांगतो. काठापासून काठापर्यंत हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. तळाच्या पाण्याचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर. काठापासून खोली साधारण १३७ मीटर. आता कारकुनी हिशेब असा की, १.८ ला ३.१४ ने गुणले म्हणजे वरच्या काठाचा फेरा साडेपाच-पावणेसहा किलोमीटर होतो, आणि पाण्याचा फेरा पावणेचार. हे अंतर आपल्या माणसांना काहीच नाही. आपल्या बाया रोज यापेक्षा जास्त चालतात, फक्त त्याला कोणी सहल म्हणत नाही. प्रश्न आहे तो १३७ मीटरांचा. तीन मीटरचा एक मजला धरला तर पंचेचाळीस मजले उतरायचे आणि तेवढेच चढायचे. मुलांना त्याचे काही वाटत नाही. विचार करायचा तो गुडघे दुखणाऱ्यांचा.

म्हणून आम्ही वाट अशी ठरवली होती. न्याहारी वरच काठावर करायची. मग गावाच्या बाजूच्या धारेकडून उतरायचे, रानातून पाण्याशी जायचे, काठाने जमेल तेवढे चालायचे आणि त्याच वाटेने वर यायचे. ज्यांना उतरणे झेपणार नाही त्यांनी धारेशीच सावलीत बसावे. दुपारचे जेवण वर आल्यावर, आणि उन्हे कलल्यावर वरच्या काठाने फेरी. पर्यटन महामंडळाच्या निवासाच्या बाजूनेही एक पायवाट खाली उतरते, पण धारेच्या बाजूला पाणी आहे आणि बसायला पायऱ्या आहेत. आजी मंडळी बरोबर असतील तर हीच बाजू धरावी. सबंध परिसर अभयारण्यात येतो. तेव्हा कोणती वाट चालू आहे, कुठपर्यंत जाता येते आणि प्रवेशाचे काय, हे आधी वनखात्याच्या माणसाला विचारून घ्यावे. आम्ही विचारले. त्याने मुलांकडे पाहून एवढेच सांगितले की, पिशवीत खायचे असेल तर वर ठेवा, वानरे हातातून नेतात.

धार म्हणजे गोमुखातून बारमाही पडणारे पाणी. विवराच्या वरच्या कडेला, खडकातून झिरपून येणारे हे गोड पाणी दगडी कुंडात पडते व पुढे ओहोळ होऊन खाली सरोवराला मिळते. भोवती जुनी देवळे, ओवऱ्या, पायऱ्या. यात्रेकरू आंघोळीला येतात. आम्ही काही आंघोळीला आलो नव्हतो, पण वाहते पाणी पाहिल्यावर हात पुढे गेल्याशिवाय राहत नाहीत. थोरल्या आजींनी ओंजळ धरली, तोंडावर पाणी घेतले आणि पुन्हा ओंजळ धरली. बराच वेळ त्यांचे हेच चालले होते. मागे माणसे खोळंबली तेव्हा अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "आजी, चला की." आजी म्हणाल्या, "थांब गं. आमच्या गावात लहानपणी आमी आडाजवळ घागर ठिवून दूर बसायचो. कुणी वरून पाणी ओतलं तर ओतलं. दुपार व्हायची." एवढेच बोलून त्या बाजूला झाल्या. चौथीतल्या मुलीने महाडच्या चवदार तळ्याचा धडा ऐकलेला होता. तिने वडिलांना विचारले, "म्हणजे आजी १९२७ च्या आधीच्या आहेत का?" वडिलांनी मान हलवून नाही म्हटले. तिला हिशेब लागेना. तो मोठ्यांना तरी कुठे लागतो?

धारेच्या खाली रान सुरू होते. वाट दगडी, काही ठिकाणी पायऱ्या, काही ठिकाणी नुसते गोटे. पायात चप्पल नको, बूट नसतील तर मुलांचे शाळेचे कॅनव्हास घालावेत. उतारावर साग आहे, सीताफळ आहे, कडुनिंब आहे, चिंच आहे. खाली पाण्याजवळ येऊ लागले की शिंदीची झाडे आणि बाभूळ वाढते. म्हणजे विवराच्या तळाकडे जाताना झाडांची कडी बदलत जातात, आणि मुलांना सांगितले तर त्यांना ते ओळखता येते. फेब्रुवारीत सागाची पाने वाळून खाली पडलेली असतात. त्यावरून एकोणीस माणसे चालली की असा काही आवाज होतो की पाखरू म्हणून जवळ थांबत नाही. म्हणून आम्ही एक नियम केला. दर वळणावर सगळ्यांनी दोन मिनिटे उभे राहायचे, बोलायचे नाही, मोबाईलवरचे गाणे तर नाहीच. पहिल्या वळणावर मुले हसत होती. दुसऱ्या वळणावर मोर ओरडला. तिसऱ्या वळणापासून मुलेच मोठ्यांना गप्प बसवू लागली. दयाळ दिसला, हुदहुद दिसला, पोपटांचे थवे तर होतेच. वानरांची एक टोळी आमच्याबरोबर झाडांवरून निम्म्या वाटेपर्यंत आली आणि काही मिळत नाही असे पाहून परत गेली. सुगरणीची जुनी घरटी बाभळीला लोंबत होती. गवंडीभाऊंनी ती बराच वेळ खालून निरखली.

पाण्याशी पोचल्यावर पहिले काय जाणवते, तर वास. सडक्या अंड्यासारखा. मुलांनी नाके दाबली, आणि कोणी घाण टाकली म्हणून इकडेतिकडे पाहू लागली. तो वास पाण्याच्या तळाच्या चिखलात कुजणाऱ्या शेवाळातून निघणाऱ्या वायूचा असतो. काठ भुसभुशीत आहे, पांढुरके पापुद्रे सुकलेले दिसतात, आणि काठालगत पाय रुतण्याची भीती आहे. लहान मुलांचे हात सोडू नयेत. पाणी हिरवट, दाट, साबूदाण्याच्या पेजेसारखे जड वाटते. कडेच्या उथळ पाण्यात लांब तांबड्या पायांचे शेकाटे चालत होते, थोडे आत टिबुकल्या बुड्या मारत होत्या.

इथे आम्ही एक प्रयोग ठेवला होता. तो घरोघरी करता येण्याजोगा आहे म्हणून सविस्तर लिहितो. आदल्या रात्री हळद थोड्या पाण्यात कालवून कोऱ्या कागदाला दोन्ही बाजूंनी लावली, कागद वाळवला आणि बोटाएवढ्या पट्ट्या कापून प्रत्येक मुलाला दोन दोन दिल्या. एक पट्टी वर धारेच्या पाण्यात बुडवायची, एक खाली सरोवराच्या. धारेच्या पाण्यात पट्टी पिवळीच राहिली. सरोवराच्या पाण्याला टेकवली मात्र, ती तांबडीलाल झाली. मुले ओरडली. आणि भट्टीवरचे आमचे भाऊ, जे सकाळपासून फारसे बोलले नव्हते, ते एकदम म्हणाले, "अरे, हे तर साबणाचं पाणी हाय!"

त्यांना कसे कळले? त्यांनी पोरीला समजावून सांगितले ते असे. शर्टावर वरणाचा डाग पडतो तो पिवळा. आई साबण लावते तेव्हा तोच डाग लाल होतो, आणि पाण्याने धुऊन काढला की पुन्हा पिवळा. म्हणजे साबणात जे आहे ते या पाण्यातही आहे. पोरीने विचारले, "काय आहे?" भाऊ आमच्याकडे पाहू लागले. आम्ही सांगितले, खार. या पाण्यात सोड्याचे क्षार आहेत आणि मीठही आहे. पाणी एकाच वेळी खारटही आहे आणि साबणासारखे अल्कधर्मीही. हळदीत चुना घातला की कुंकू होते, तोच हा रंग. आणि भाऊंचा अंदाज किती बरोबर होता पाहा. पूर्वीच्या काळी उन्हाळ्यात पाणी आटले की काठावरचे हे क्षार गोळा करून विकले जात आणि साबण तयार करण्यासाठी ते वापरीत. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, बारा तासांच्या पाळ्या करणारा, सुट्टीच्या दिवशी झोपेतून उठवावा लागणारा. त्याच्या लेकीने त्या दिवशी त्याला पुढे तासभर प्रश्न विचारून हैराण केले, आणि तो उत्तरे देत राहिला. माहीत नसेल तिथे "पुस्तकात बघू" म्हणत राहिला.

पट्ट्या पाण्यात टाकू नयेत, परत आणाव्यात. पाणी बाटलीत भरून नेणे, दगड खिशात घालणे हेही नको. अभयारण्यातली वस्तू अभयारण्यात राहिली पाहिजे.

हेच पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले होते. टाळेबंदीचे दिवस होते, मोबाईलवर फोटो फिरले, आणि नाना तर्क लढवले गेले. कोणी म्हणाले कोप, कोणी म्हणाले चमत्कार. नागपूर आणि पुण्याच्या शास्त्रज्ञांनी पाण्याचे नमुने तपासले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले की, खाऱ्या पाण्यात वाढणारे अतिसूक्ष्म जीव यामागे आहेत. पाऊस कमी, ऊन जास्त, पाणी आटून खारटपणा वाढला, तो त्यांना मानवला, आणि त्यांच्या अंगच्या रंगाने सारे पाणी रंगले. पुढे पाणी वाढल्यावर रंग गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारची नोंद रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत झाली.

आता हे विवर झाले कसे, हा प्रश्न मुले विचारणारच. काठावर भेटणारा कोणीही लवणासुराची कथा सांगतो. लवणासुर दैत्य इथे जमिनीखाली राहत होता, विष्णूने पायाच्या अंगठ्याने वरचे झाकण उडवले आणि त्याला मारले. त्यावरून गाव लोणार, आणि गावातले मोठे देऊळ दैत्यसूदनाचे. आमच्यातल्या काहींचे म्हणणे पडले की मुलांना असले ऐकवूच नये. आम्हाला ते पटत नाही. ऐकू द्यावे. खारट पाणी आणि गोल खड्डा या दोन गोष्टी जुन्या माणसांनाही खटकल्या होत्या आणि त्यांनी त्याचे कारण शोधले, एवढे त्या कथेतून दिसते. पण तिथेच थांबू नये. पुढचेही सांगावे.

पुढचे असे. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. दख्खनचा सारा काळा दगड हा लाव्ह्याचा, त्यामुळे हे ज्वालामुखीचे तोंड असावे असे पुष्कळ वर्षे मानले जात होते, आणि मानणारे काही अडाणी नव्हते. मग इथल्या दगडांची तपासणी झाली. १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले की, या दगडांत मॅस्केलिनाइट नावाची काच सापडते. दगडातल्या एका खनिजाला प्रचंड धक्का बसला की त्याची अशी काच होते, आणि एवढा धक्का ज्वालामुखी देऊ शकत नाही. तो उल्का आदळल्यानेच बसतो. भोवतालच्या जमिनीपेक्षा काठ उंच उचललेला दिसतो, तोही त्याच आघाताने उसळलेल्या दगडांचा. असे काळ्या दगडात झालेले उल्काविवर जगात फार थोड्या ठिकाणी आहे, आणि चंद्रावरच्या खड्ड्यांचा अभ्यास करणारे त्यासाठी इथे येतात. केव्हा आदळली? आधी सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वी असे सांगत. नंतर दुसऱ्या पद्धतीने मोजले तेव्हा सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे निघाली. सफाई खात्यातले भाऊ हसून म्हणाले, "म्हणजे यांचाही हिशेब चुकतो तर." चुकतो, आणि चुकला की ते स्वतःच छापून सांगतात. फरक आहे तो तिथे.

एका मुलाने जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक आणला होता. त्याला काठावरच्या मातीतले काळे कण चिकटले आणि त्याने उल्केचे तुकडे सापडले म्हणून जाहीर केले. त्याचा हिरमोड करावा लागला. आपल्या काळ्या दगडात लोहाचे असे कण सगळीकडेच असतात. त्याच चुंबकाला आमच्या वस्तीमागच्या नाल्यातली वाळूही चिकटेल. घरी आल्यावर त्याने करून पाहिले, चिकटली.

काठाने आम्ही कमळजादेवीच्या देवळाच्या दिशेने काही अंतर गेलो आणि परत फिरलो. पूर्वी पाण्याकाठून पुष्कळ लांबवर चालता येई, पण अलीकडच्या वर्षांत पाण्याची पातळी चढली आहे, २०२५ मध्ये तर या देवळापर्यंत पाणी आल्याच्या बातम्या होत्या. त्यामुळे पुस्तकात वाचलेली वाट जशीच्या तशी मिळेल असे धरून चालू नये. रानात अशी डझनभर जुनी देवळे आहेत, काही पडकी, काही झाडांच्या मुळांनी धरलेली. दगडातले कोरीवकाम पाहण्यासारखे आहे. गवंडीभाऊ प्रत्येक खांबाला हात लावून चुना आहे का पाहत होते. नव्हता. दगडावर दगड नुसता बसवलेला.

धाकट्या आजी वरच धारेशी थांबल्या होत्या, पण थोरल्या आजी खाली आल्या होत्या, हे सांगायचे राहिले. उतरताना कोणाला न विचारता त्या पुढे निघाल्या आणि निम्म्यावर आल्यावर कळले. "आता वर कोण आणून सोडील?" असे सूनबाईंनी विचारले तर म्हणाल्या, "मीच." चढ खरोखर कठीण होता. पंचवीस पावले झाली की बसायचे, घोटभर पाणी, गुळाचा खडा, पुन्हा पंचवीस. मुलांनी मोजणी हाती घेतली. पुढच्या वाटेवर एक जण, मागे एक जण, आणि आजींच्या हातात काठी. भट्टीवरच्या भाऊंनी पाठीवर घेतो म्हटले, त्या ऐकेनात. उतरायला पाऊण तास लागला होता, चढायला दोन तास लागले. आमचे सांगणे असे की म्हाताऱ्या माणसांना घरी ठेवू नका, पण चढणीला वेळ तिप्पट धरा, सकाळी लवकर उतरा म्हणजे ऊन चढायच्या आत निम्मी वाट झालेली असते. ज्यांना दमा आहे, हृदयाचा विकार आहे, त्यांनी मात्र हट्ट करू नये. वरच्या काठावरून अर्धे लोणार दिसतेच.

चढताना आम्हाला दोन बाया भेटल्या, डोक्यावर वाळलेल्या काटक्यांच्या मोळ्या. आम्ही दहा पावलांवर धापा टाकत होतो आणि त्या बोलत बोलत पुढे गेल्या. आमच्यातला एक तरुण म्हणाला, "अभयारण्यातून लाकूड नेतात, यांना कोणी बोलत नाही का?" अंगणवाडीच्या ताईंनी त्याला विचारले, "तुझ्या घरी गॅस संपला की तुझी आई काय करते?" तो गप्प बसला. आम्हाला दोन्ही बाजू दिसतात. जून २००० मध्ये हे अभयारण्य झाले नसते तर आज एवढे रान उरले नसते, यात शंका नाही. त्याचबरोबर, रान राखायचे तर काठावरच्या गरिबाच्या चुलीचा विचार आधी झाला पाहिजे. आणि लाकडाचेच बोलायचे तर रानात वेडी बाभूळ किती माजली आहे ते पाहा. ती स्थानिक झाडांना उठू देत नाही. ती तोडून नेली तर रानाचेही भले आणि चुलीचेही, असे आम्हाला वाटते. जाणकारांनी यावर जरूर लिहावे. धारेच्या खाली साबणाचा फेस वाहताना दिसला. एका मुलाने उरलेली पट्टी त्यात बुडवली, ती लाल झाली. सरोवराचा खार हा त्याचा स्वतःचा आहे, त्यात आपला साबण आणि गावचे सांडपाणी मिसळले तर लाखो वर्षांत जमलेला तोल बिघडतो, हे मुलांना निराळे सांगावे लागले नाही.

जेवणे वर काठावर, झाडाखाली झाली. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, पिठले, कांदा, आणि ताईंनी केलेले शेंगदाण्याचे लाडू. पत्रावळी नव्हत्या, घरची ताटे नेली होती, म्हणून मागे कचरा राहिला नाही. शेजारी एक मोटारवाले कुटुंब बसले होते. त्यांनी आमच्या एकोणीस जणांकडे थोडे नवलाने पाहिले, मग त्यांच्या मुलाने हळदीची पट्टी मागितली. दिली.

उन्हे कलल्यावर ज्यांच्या पायांत बळ होते त्यांनी वरच्या काठाने फेरी केली. सबंध फेरा करायचा तर दीड ते दोन तास धरावेत. वाट बहुतेक सपाट आहे, डाव्या-उजव्या हाताला शेते आणि विवर एकदम दिसतात, आणि लहान मुलांसाठी सगळ्यांत चांगली चाल हीच. ज्यांची मुले पाच वर्षांच्या आतली आहेत त्यांनी खाली उतरण्याचा आग्रह न धरता एवढेच केले तरी चालेल. गावातले दैत्यसूदनाचे देऊळ मूर्तिकामासाठी पाहावे. विवरापासून पाऊण किलोमीटरवर अंबर तळे म्हणून आणखी एक लहान खळगा आहे, त्यालाही छोटे लोणार म्हणतात. आम्हाला वेळ उरला नाही. तो पुढच्या खेपेला.

बरोबर घ्यायच्या वस्तू थोड्याच. माणशी दोन लिटर पाणी, गूळ, टोप्या आणि पदर, म्हाताऱ्यांना काठी, एक शिट्टी, हळदीच्या पट्ट्या. कापूस आणि मलम. आधार कार्ड विसरू नये, नाहीतर आजींचे तिकीट पूर्ण पडेल. आणि लोणारच्या स्थानकावर उतरल्या उतरल्या, चहाच्याही आधी, परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते खिडकीवर विचारून एका मुलाच्या वहीत लिहून ठेवावे.